‘होय’समोरची खूण

ऑक्टोबर २०२०. न्यू जर्सीत रात्रीचे अकरा वाजले होते, गावी, खांबला, सकाळचे साडेआठ. अण्णा फोनवर होते. त्यांच्या मागून महामार्गावरच्या ट्रेलरचे हॉर्न ऐकू येत होते. माझ्यापुढे ग्रीनकार्डाचा आय-४८५ अर्ज होता. आठ वर्षांनी तारीख लागली होती आणि मी एका प्रश्नाशी अडलो होतो: तुम्ही कधीही व्हिसाच्या अटी मोडल्या आहेत का?

मोडल्या होत्या. फेब्रुवारी २००९ मध्ये मंदीत माझी नोकरी गेली. एच-१बीवाल्यांना नोकरी सुटल्यावर ६० दिवसांपर्यंतची सवलत २०१७ साली आली; तेव्हा ती नव्हती. तरी मी मुलाखती देत ८३ दिवस अमेरिकेतच राहिलो. मे महिन्यात नव्या कंपनीचं पिटिशन मंजूर झालं, पण मुदतवाढ मिळाली नाही. देशाबाहेर जाऊन नव्याने यावं लागणार होतं. खांबला आलो, मुंबईत ब्रीच कँडीच्या वकिलातीत मुलाखत दिली, परतलो. घरी ‘सुट्टी मिळाली’ एवढंच सांगितलं.

“अण्णा, त्या वेळी मी सुट्टीवर आलो नव्हतो.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आजोबांची वारसनोंद आपण केलीच नव्हती, आठवतं? रस्ता रुंदीकरणाचा मोबदला आला तेव्हा सातबारावर त्यांचंच नाव. चूक होती, ती कबूल केली. उशीर झाला, पण पैसे मिळाले. खोटा कागद केला असता तर जमीनच अडकली असती. खरं ते लिही.”

वकीलबाईंनीही तेच सांगितलं. स्टेटस तुटणं वेगळं, बेकायदा वास्तव्य वेगळं. माझ्या आय-९४ या प्रवेशनोंदीवर सप्टेंबर २००९ पर्यंतची मुदत होती, म्हणून बेकायदा वास्तव्याचा एकही दिवस भरला नव्हता. ते १८० दिवसांच्या वर गेलं असतं, तर देश सोडल्यावर ३ वर्षं परत येता आलं नसतं. वर्ष उलटलं असतं तर १० वर्षं. नोकरीच्या आधारे अर्ज करणाऱ्याला कलम २४५(के) शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरचे १८० दिवसांपर्यंतचे असे भंग माफ करतं. माझे ८३ दिवस तर त्या प्रवेशाच्या आधीचे. “पण इथे ‘नाही’ लिहिलंत आणि ते उघड झालं, तर खोटं बोलल्याचा ठपका जन्मभर राहतो.”

अकरा वर्षं मला त्या ८३ दिवसांची भीती वाटत होती. खरा धोका ते लपवण्यात होता.

मी ‘होय’समोर खूण केली. जुना आय-९४, पगाराच्या पावत्या, नोकरी सुटल्याचं पत्र आणि एक पानी खुलासा जोडला. सप्टेंबर २०२१ मध्ये कार्ड आलं.

पुढच्या खेपेस खांबला गेलो तेव्हा त्या खुलाशाची प्रत अण्णांना दिली. त्यांनी चष्मा लावून ती ओळन् ओळ वाचली आणि पत्र्याच्या पेटीत सातबाराच्या उताऱ्याखाली जपून ठेवली.