पांढरा हत्ती आणि त्याचे माहूत

मराठीच्या अध्यापकांनी बेसबॉलवर लिहावे याचे नवल वाटणाऱ्या वाचकांना आम्ही दोष देणार नाही. आमचे आम्हालाही ते अजून पुरते पटलेले नाही. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, एकाच घरात राहतो आणि २०१२च्या उन्हाळ्यापासून एकाच संघाचे चाहते आहोत (किंवा होतो, या क्रियापदाच्या काळावरच आमच्यात सध्या मतभेद आहे). हा संघ म्हणजे ओकलंड ॲथलेटिक्स. त्याच्या नावातले 'ओकलंड' २०२५च्या मोसमापासून गळाले आणि त्या जागी दुसऱ्या कोणत्याच गावाचे नाव आले नाही. आता तो नुसता 'ॲथलेटिक्स' आहे. गावाचे नाव नसलेला संघ कोणाचा असतो, हा प्रश्न त्या मोसमात आमच्या सकाळच्या चहाबरोबर रोज येत राहिला. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

आमच्यापैकी एकीची ताई कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. २०१२च्या सुट्टीत तिच्याकडे गेलो असता, 'तिकीट स्वस्त आहे, पाहून तर या' म्हणून तिने आम्हाला लोकल गाडीत बसवून दिले. कोलिसियम स्थानकावर उतरून एका लांब पादचारी पुलावरून मैदानात जायचे. वाटेत कांदा परतल्याचा वास. आत गेल्यावर काँक्रीटचे एक भले मोठे, जुनाट भांडे. १९६६ साली उघडलेल्या या मैदानातून पूर्वी ओकलंडच्या टेकड्या दिसत. १९९५नंतर फुटबॉलच्या संघासाठी तेथे आणखी एक उंच सज्जा बांधला गेला आणि टेकड्या झाकल्या गेल्या. खेळ आम्हाला फारसा कळला नाही. पण उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर काही मंडळी अखंड ढोल बडवीत होती, आणि आमचा गोंधळ पाहून शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी नऊच्या नऊ डाव आम्हाला समजावून सांगितले. परतताना आम्ही चाहते झालो होतो.

त्याच वर्षी हा संघ जूनअखेर आपल्या गटात अग्रस्थानापासून तेरा सामने मागे होता, आणि ३ ऑक्टोबरला, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, टेक्सासला १२-५ असे हरवून गटविजेता झाला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून आम्ही तोंडावर उशी दाबून ओरडलो.

बेसबॉलचा मोसम सहा महिन्यांचा आणि १६२ सामन्यांचा असतो. क्रिकेटच्या मालिकेसारखा तो उत्सव नसून नित्यकर्म आहे. ओकलंडचा संध्याकाळचा सामना आपल्याकडे सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू होई. एकाने दाढी करायची, एकीने डबे भरायचे, आणि मधे ठेवलेल्या फोनवर कोणीतरी चेंडू फेकत असायचा. इतक्या सामन्यांत उत्तम संघही साठ वेळा हरतो. त्यामुळे हरण्याचे दुःख या खेळाचा चाहता लवकर पचवतो. आमची तक्रार हरण्याची नाही.

या संघाचे बोधचिन्ह हत्ती आहे. १९०१ साली फिलाडेल्फियात हा संघ स्थापन झाला, तेव्हा प्रतिस्पर्धी संघाचे जॉन मॅग्रॉ यांनी 'हा पांढरा हत्ती आहे' अशी त्याची टर उडवली. संघाचे व्यवस्थापक कॉनी मॅक यांनी तोच हत्ती चिन्ह म्हणून स्वीकारला आणि पुढे तब्बल पन्नास वर्षे संघ सांभाळला. १९५५मध्ये हत्ती कॅन्सस सिटीला गेला, १९६८मध्ये ओकलंडला आला. तेथे त्याने १९७२, ७३, ७४ आणि १९८९ अशी चार जगज्जेतेपदे मिळवली. 'पांढरा हत्ती पोसणे' हा वाक्प्रचार आपल्याकडेही आहे. मात्र हत्ती पांढरा ठरतो तो मालकाच्या हिशेबात. गल्लीतल्या पोरांच्या लेखी तो हत्तीच असतो.

१९८० ते १९९५ या काळात संघ हास कुटुंबाकडे होता. 'लिव्हायस' ही जीन्स विकणारे हे घराणे. त्यांनी खेळाडूंवर खर्च केला, गावात पैसा आणि माणसे लावली. १९८८पासून सलग तीन वर्षे संघ अंतिम मालिकेत पोचला आणि १९९० साली एकोणतीस लाख प्रेक्षकांनी तिकिटे घेतली. ओकलंडचे लोक सामन्यांना येत नाहीत असे पुढे सांगितले गेले, तेव्हा हा आकडा कोणी सांगत नव्हते. २००५मध्ये भागीदारांसह संघ विकत घेणारे जॉन फिशर हे 'गॅप' या कपड्यांच्या दुकानांच्या संस्थापकांचे चिरंजीव. 'गॅप'चे पहिले दुकान १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत उघडले, ते 'लिव्हायस'च्याच जीन्स विकण्यासाठी. एकाच कापडातून निघालेल्या दोन घराण्यांनी एकच हत्ती इतका निराळा पाळावा, ही गोष्ट एखाद्या कादंबरीत असती तर आम्ही ती 'ओढूनताणून आणलेली' म्हणून खोडली असती.

या दोन मालकांच्या मध्ये एक पुस्तक येते. मायकेल लुईस यांचे 'मनीबॉल' २००३ साली आले आणि २०११ साली त्यावर चित्रपट निघाला. २००२मध्ये न्यूयॉर्क यँकीजचा वेतनावरील खर्च साडेबारा कोटी डॉलरच्या घरात होता, ओकलंडचा सुमारे चार कोटी. तरीही सरव्यवस्थापक बिली बीन यांनी आकडेशास्त्राच्या आधारे दुर्लक्षित खेळाडू हेरून १०३ सामने जिंकले, त्यांपैकी वीस सलग. पुस्तक वाचनीय आहे यात वाद नाही. परंतु साहित्य शिकवणाऱ्या माणसाला कथेत काय सांगितले आहे याबरोबरच काय वगळले आहे तेही पाहावे लागते. त्या वर्षीचा आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू मिगेल तेहादा आणि सर्वोत्तम पिचर बॅरी झीटो हे दोघेही ओकलंडचेच होते. कथेत मात्र त्यांना अगदी थोडी जागा आहे, कारण उपेक्षितांच्या विजयाच्या कथेत राजपुत्र अडचणीचे असतात.

यातून एक मोहक नीतिकथा तयार झाली: गरिबी असली तरी बुद्धी असेल तर चालते. ही कथा आम्हालाही प्रिय होती. कमी साधनांत काम करणाऱ्या कोणत्या मास्तराला ती प्रिय होणार नाही? मात्र ही गरिबी संघाची होती, मालकांची नव्हती, हे आमच्या लक्षात यायला फार वर्षे लागली. बुद्धीने गरिबीवर केलेली मात हळूहळू गरिबीचे समर्थन झाली. २०१८ आणि २०१९ या दोन्ही मोसमांत संघाने ९७ सामने जिंकले. त्यानंतर असा संघ टिकवायचा, की मोडून विकायचा? २०२२च्या मार्चमध्ये मॅट ओल्सन अटलांटाला आणि मॅट चॅपमन टोरंटोला गेले. प्रशिक्षक बॉब मेल्विन आधीच सॅन दिएगोला गेले होते. २०२३मध्ये ओल्सनने अटलांटासाठी ५४ होमरन मारले. त्याच वर्षी आमचा संघ ११२ सामने हरला.

व्यवस्थापनाचे खरे कौशल्य यापुढचे आहे. खेळाडू गेले, तिकिटे महागली, मैदानाच्या डागडुजीकडे पाठ फिरवली, आणि मग २०२२मध्ये सरासरी प्रेक्षकसंख्या दहा हजारांच्या खाली गेली, तेव्हा ती संख्या पुरावा म्हणून पुढे करण्यात आली: 'पाहा, येथे कोणी येत नाही.' हा युक्तिवाद आमच्या चांगल्याच परिचयाचा आहे. निवृत्त झालेल्या अध्यापकाची जागा भरायची नाही, दोन वर्षे तासिका तत्त्वावर काम भागवायचे, मग पटसंख्या घटली म्हणून विषयाची तुकडी बंद करायची. हा क्रम आम्ही जवळून पाहिला आहे. परिणाम कारणाच्या जागी बसवण्याची ही कला सर्वत्र सारखीच असते. अमेरिकेत तिच्यावर डॉलरचे आकडे असतात इतकेच.

तरीही दुसरी बाजू मांडायला हवी. कोलिसियम खरोखर मोडकळीला आले होते. २०१३मध्ये तर तुंबलेल्या गटाराचे पाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरले होते. सॅन होजेला जाण्याचा बेत शेजारच्या जायंट्स संघाच्या हद्दीच्या हक्कामुळे अडला. २०१७मध्ये लेनी कॉलेजजवळची जागा संघाने मागितली, तेव्हा तेथील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि बेत बारगळला. त्या वादात आम्ही चाहते असूनही कॉलेजच्या बाजूचे होतो, हे येथे कबूल करतो. पुढे बंदरावरच्या जागेची वाटाघाट वर्षानुवर्षे चालली. नगरपालिकेने अधिक सैल हाताने पैसे द्यायला हवे होते असे म्हणणाऱ्यांना आम्ही इतकेच विचारू, की एका धनिकाच्या मैदानासाठी त्या गावाने कोणती शाळा बंद करायची होती?

१३ जून २०२३ रोजी ओकलंडच्या चाहत्यांनी 'उलटा बहिष्कार' पुकारला. न येऊन निषेध करण्याऐवजी सर्वांनी येऊन करायचा. हिरव्या सदऱ्यांवर 'विका' एवढाच शब्द लिहून २७,७५९ लोक आले. पाचव्या डावाच्या आरंभी सारे मैदान मूक उभे राहिले आणि मग एका सुरात 'संघ विका' असा घोष उठला. संघाने तो सामना २-१ असा जिंकला. तो त्याचा सलग सातवा विजय होता. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगासमधील नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरच्या सार्वजनिक निधीचे विधेयक मंजूर केले. नोव्हेंबरात तीसच्या तीस संघमालकांनी स्थलांतराला संमती दिली. एकही मत विरोधात पडले नाही.

२६ सप्टेंबर २०२४च्या दुपारी ओकलंडमध्ये शेवटचा सामना झाला. आपल्याकडे रात्रीचा एक वाजला होता आणि आमचा पहिला तास सकाळी साडेसातचा होता. ४६,८८९ लोक आले. टेक्सासविरुद्ध ३-२ असा विजय झाला. संघाचे प्रशिक्षक मार्क कॉत्से यांनी मैदानात उभे राहून गावाचे आभार मानले. मालक तेथे दिसले नाहीत. लोकांनी मैदानाची माती भांड्यांत भरून घरी नेली. त्या मैदानाला ज्याचे नाव होते, तो ओकलंडमध्येच वाढलेला रिकी हेंडरसन (कारकिर्दीत त्याने १,४०६ बेस चोरले, आजवर कोणीही चोरले नाहीत इतके) तीन महिन्यांच्या आतच, २० डिसेंबरला गेला. ताईने फोनवर एवढेच सांगितले, की पादचारी पुलावर कोणीतरी फुले बांधली आहेत.

२०२५चा मोसम संघाने वेस्ट सॅक्रामेंटोमध्ये, दुय्यम दर्जाच्या लीगच्या मैदानावर काढला. तेथे सुमारे चौदा हजार माणसे मावतात. व्हेगासचे मैदान २०२८मध्ये उघडण्याचा बेत आहे. आणि नेमके आता व्यवस्थापन शहाणे झाले. पिचर लुइस सेव्हेरिनोला ६ कोटी ७० लाख डॉलर देऊन करारबद्ध केले. संघाच्या इतिहासातला हा तोवरचा सर्वांत मोठा करार होता. ब्रेंट रूकर आणि लॉरेन्स बटलर यांना दीर्घ मुदतीचे करार मिळाले. निक कर्ट्झ आणि जेकब विल्सन हे नवखे खेळाडू पहिल्याच वर्षी चमकले. संघ ७६ जिंकला, ८६ हरला. २०२३च्या मानाने ही मोठीच झेप. ओकलंडचे लोक वीस वर्षे जे मागत होते ते सारे ओकलंड सोडल्यावर मिळाले. म्हणजे ते अशक्य कधीच नव्हते.

येथे आमचे मतभेद सुरू होतात. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की खेळाडूंचा यात काय दोष? संघ म्हणजे मालक नव्हे. हत्ती माहुताच्या नावाने ओळखला जात नाही. एकीचे म्हणणे असे, की आपण त्या गावाचे चाहते होतो. ढोल, पूल, परतलेला कांदा आणि ते वृद्ध गृहस्थ वजा केल्यावर उरतो तो फक्त हिरवा सदरा, आणि सदरेच विकायचे तर ते घराणे त्यात मुरलेले आहे. मोसमभर घरात सकाळी सात वाजता एक जण कानांत बोंडे घालून सामना ऐकत असे आणि दुसरी मुद्दाम आकाशवाणी मोठ्याने लावीत असे.

२६ जुलैच्या पहाटे ह्यूस्टनमधील सामन्यात कर्ट्झने एकाच सामन्यात चार होमरन मारले. नवख्या खेळाडूने असे करण्याची ही पहिलीच वेळ. ऐकणाऱ्याला राहवले नाही. त्याने स्वयंपाकघरात जाऊन बातमी सांगितली. उत्तर आले नाही. पोळी उलटली गेली, फुगली, उतरवली गेली. मग पाठमोराच प्रश्न आला, "चौथा कोणाला मारला?"

चौथा एका बाह्यक्षेत्ररक्षकाला मारला होता. सामना हातचा गेल्यावर ह्यूस्टनने पिचर वाचवण्यासाठी त्याला उभे केले होते. हे ऐकल्यावर "मग तीनच धर," असे उत्तर मिळाले, आणि आकाशवाणीचा आवाज किंचित कमी झाला.