पिसाऱ्याआडचा पक्षी

अर्जुनाला पक्ष्याचा फक्त डोळा दिसला, ही गोष्ट शाळामास्तर म्हणून मी कितीदा सांगितली असेल, कोण जाणे! मूळ महाभारतात अर्जुन डोळा म्हणत नाही, पक्ष्याचे मस्तक म्हणतो; पण पोरांना डोळाच आवडतो. मला मात्र त्या परीक्षेतली सोय नेहमी जाणवते. तो पक्षी कारागिरांनी बनवलेला होता. नेम चुकता तर फार तर गुरुजींची शाबासकी हुकली असती. कुणाला वेदना झाल्या नसत्या.

जिवंत पक्ष्यावर नेम धरणे म्हणजे काय, ते मला एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले. तो अमेरिकेत मिसुरी राज्यात राहतो, आणि त्याचा शेजारी दर वसंतात धनुष्य घेऊन रानटर्कीच्या मागे जातो. मला कोंबडी कापलेली पाहवत नाही. तरी ती हकीकत मी कान देऊन ऐकली.

टर्कीचा नर मोठा ऐटबाज. सात ते अकरा किलोंचा हा गडी मादीपुढे अंग फुगवतो, शेपटीचा पंखा उभारतो आणि मिरवतो. पण हा सारा थाट पिसांचा! आत काळीज आणि फुप्फुसे यांची जागा जेमतेम मोठ्या संत्र्याएवढी. नवशिका त्या फुगीर पिसांवर बाण सोडतो. घायाळ पक्षी झुडपांत शिरतो आणि कुणाच्या हाती न लागता तडफडून मरतो. जाणता शिकारी पक्षी आडवा होईपर्यंत थांबतो, पायाच्या रेषेने नजर वर नेतो आणि पंख अंगाला जुळतो तिथे ती स्थिर करतो.

बाणाचे टोक निवडायचे तेही याच विचाराने. काही टोकांची पाती घट्ट बसवलेली असतात. काहींची हवेत मिटलेली राहतात आणि लागताच उघडतात. घाव रुंद होतो, पण उघडण्यात थोडा जोर खर्ची पडतो, म्हणून हलक्या धनुष्याला घट्ट पातीच बरी. तिसरी जात लांब, पसरट पात्यांची, केवळ मानेसाठी. ती लागली तर पक्षी जागीच संपतो, नाहीतर बहुधा साफ बचावतो. मात्र तिची पाती वारा धरतात, म्हणून ती अगदी जवळूनच चालवायची.

टर्कीची नजर भारी तीक्ष्ण. धनुष्य ओढताना हात हलला की तो पसार! म्हणून शिकारी कापडी आडोशात बसून राहतो. नर पाठमोरा झाला की त्याचाच पिसारा त्याच्या डोळ्यांआड येतो, आणि तेवढ्यात दोरी ताणायची. ज्याचा तोरा मिरवायचा, त्यानेच घात करायचा! हे मात्र मला माणसांतही पाहायला मिळते.

एका वर्षी त्या शेजाऱ्याने चार वेळा दोरी ताणली आणि चारही वेळा हलकेच सैल केली. पक्षी जवळ होता, पण मनासारखा आडवा झाला नाही. नोव्हेंबरात त्यांचा आभारदिनाचा सण आला, तेव्हा त्याच्या घरी दुकानातून आणलेली टर्की शिजली. पाहुण्यांना वाढता वाढता तो त्या चार पक्ष्यांचे वर्णन हसत करत होता, आणि माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, एवढा मोठा तिरंदाज मी दुसरा पाहिला नाही."