राम-लक्ष्मण आणि तीन फुटांची पेटी

आमच्या खामगावात चांदी घ्यायची तर माणूस दहा प्रश्न विचारतो. शुद्धता किती, घडणावळ किती, पुढे मोडीला आणली तर भाव काय धराल? रजतनगरी म्हणून गावाचे नाव; तेव्हा ही चिकित्सा आमच्या अंगवळणीच पडलेली. असे असताना २०२२ च्या जूनमध्ये अकोल्याच्या एका दुकानातून मी चांदीचे दोन जिवंत तुकडे घरी आणले आणि त्यांच्याविषयी एकही प्रश्न विचारला नाही.

धाकटी तेव्हा पहिलीत होती. तिच्या वाढदिवसाची ती भेट. पाण्याने फुगलेल्या पिशवीत बोटाएवढे दोन मासे. चंदेरी अंग, काळसर पट्टे, पाठीवर त्रिकोणी पर. दुकानदार म्हणाला, "शार्क आहे." शार्क! धाकटीचे डोळे त्या पिशवीएवढे झाले. "मोठा किती होतो?" हा प्रश्न तिच्या आईच्या ओठांवर आला होता, पण तोंड उघडण्याआधीच दुकानदार म्हणाला, "पेटी जेवढी, तेवढाच वाढतो, वहिनी." मी गणिताचा मास्तर. पुराव्यावाचून विधान मान्य करायचे नाही, हे वर्गात तीस वर्षे सांगत आलो आहे. तिथे मात्र मी मान डोलावली आणि पैसे दिले.

तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची पेटी बैठकीत आली. रेडिओ, शिवणयंत्र, दूरदर्शनसंच अशा क्रमाने आमच्या घरात ज्या वस्तूंचे कौतुक झाले, त्यांत हिची भर पडली. माशांची नावे राम-लक्ष्मण ठेवली. शेजारीपाजारी येत, चहा घेत, काचेवर टिचक्या मारीत. "घरात मासे असले की बरकत येते," असेही एकांनी सांगितले. बरकत आली खरी, पण ती माशांच्या अंगावर.

चार महिन्यांत ते वीतभर झाले. मग मी उशिरा का होईना, वाचायला बसलो. दुकानदाराचा 'शार्क' हा शार्क नव्हेच. अंगावर खवले नसलेला, तोंडाशी मिशा असलेला हा पंगस. मरळ-वाम मिळते त्या बाजारात विकला जाणारा, आणि हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो त्याचा सख्खा भाऊबंद. मूळचा तो आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांचा. पावसाळ्याच्या सुमारास थव्याने शेकडो मैल प्रवास करणारा. लांबी एकशेतीस सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे सव्वाचार फूट. वजन चव्वेचाळीस किलोपर्यंत. हे वाचून मी चष्मा पुसला. आकडे तेच राहिले.

आणि ते 'पेटीएवढा वाढतो' प्रकरण? मासा जन्मभर वाढतच असतो. लहान पेटीत त्याची वाढ खुंटते हे खरे. पण ती सुज्ञपणाने नव्हे, त्याच्याच मलमूत्राने. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. पाण्यातले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट पाणी बदलल्याखेरीज फारसे जात नाही. अशा पाण्यात मासा खुरटतो, कधी पाठीचा कणा वाकतो, आयुष्य आखूड होते. मुलाच्या पायात दोन वर्षे तोच जोडा ठेवावा आणि "बघा, पाय कसा जोड्याएवढाच राहिला" म्हणून शेजाऱ्यांना दाखवावे, तसे हे.

त्या वर्षीच्या दिवाळीत लक्ष्मण गेला. या माशाला नजर बेताची आणि धाक फार. नदीत थव्यात राहणारा जीव. काही दचकले की तो सुसाट पळतो, आणि नदीत पळायला जागा असते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्याच दारात सुतळी बॉम्ब फुटला. लावला होता आमच्याच थोरल्याने. दोघेही काचेवर असे आदळले की पेटीचे झाकण उडाले. पाडव्यापर्यंत लक्ष्मण तळाशी पडून होता. भाऊबीजेच्या सकाळी धाकटीने त्याला आधी पाहिले. थोरल्याने त्या वर्षी ओवाळणीत सगळे साठवलेले पैसे घातले. कुणी काही बोलले नाही. रामाच्या नाकाडावर मात्र एक पांढरा वण राहिला.

राम वाढत होता. आमचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. पारा चव्वेचाळीसच्या घरात आणि नळाला रोज पाणी नाही. दर आठवड्याला पेटीतले तिसरा हिस्सा पाणी बदलायचे, म्हणजे पस्तीस लिटर, सुमारे अडीच बादल्या. "अहो, माणसांच्या आंघोळीला तांब्यांचा हिशेब आणि माशाला बादल्या!" सौभाग्यवतींचा हा प्रश्न बिनतोड होता. काढलेले पाणी ती पपईला घाली. पपई मात्र त्या वर्षी अशी लगडली की गल्लीत वाटावी लागली.

एका रात्री मी कागद घेऊन बसलो. सव्वाचार फुटांच्या माशाला वळायला निदान पाच फूट रुंदी हवी. लांबी बारा फूट, खोली तीन फूट धरली. एकशेऐंशी घनफूट, घनफुटाला अठ्ठावीस लिटर, म्हणजे पाच हजार लिटर, पाच टन. आमची बैठकीची खोली दहा बाय बारा. पाहुणे कुठे बसणार, हा प्रश्न उरला नाही, कारण खोली उरली नाही.

२०२४ च्या मे महिन्यात राम सव्वा फुटाचा झाला. पेटीत वळताना त्याला अंगाची कमान करावी लागे. धाकटीच म्हणाली, "बाबा, त्याला तलावात सोडू या. तिथे जागा आहे." मलाही ते पुण्यकर्म वाटले. एका पहाटे रंगाच्या मोठ्या बादलीत त्याला घालून, झाकणाला भोके पाडून मी जनुना तलावावर गेलो. पुण्यकर्म इतक्या अंधारात का करावेसे वाटले, हे मी तेव्हा स्वतःला विचारले नाही.

काठावर एक म्हातारे भोई जाळे उलगडीत बसले होते. त्यांनी बादलीत डोकावून पाहिले.

"गुरुजी, इले तयात नोका सोडू."

"का हो? मासाच आहे ना? पाण्यातच जाणार."

"माहा साडू उजनीच्या धरनावर हाय. लोकायनं घरचे काचेचे मासे सोडले, तं आता जायात तेच येतात. काट्यायनं जायं फाटते अन् बजारात कोनी घेत नाई. त्यायच्या पोटाचं कोन पाहीन?"

मला ओशाळल्यासारखे झाले. बादली घेऊन परत आलो. घरी येऊन वाचले तर म्हातारबाबांचे म्हणणे अक्षरशः खरे. काच चाटून साफ करतो म्हणून पेटीत ठेवला जाणारा दक्षिण अमेरिकेचा 'सकर' भीमेवरच्या उजनीत पसरला आहे. अंगावर चिलखत, परांना काटे. आपल्याकडे त्याला खाणारा क्वचितच. २०२३ साली तर उत्तर अमेरिकेचा, मगरीसारख्या जबड्याचा ॲलिगेटर गार भोपाळच्या तलावात आणि काश्मीरच्या दल सरोवरातही सापडला. तो काही पोहत आला नव्हता. माझ्यासारखाच कुणी तरी बादली घेऊन गेला असणार. सांडव्यावरून पाणी ओढ्यात जाते, ओढा नदीला मिळतो. आमची ज्ञानगंगा पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. माझी बादली केवढी लांब ओतली गेली असती!

दुकानदाराला विचारले, तर तो परत घ्यायला तयार नव्हता. "एवढा कोण घेणार? कापून टाका, सर." ते म्हणणे निर्दयपणाचे असले तरी तलावात सोडण्यापेक्षा प्रामाणिक होते, असे आज वाटते. पण धाकटीसमोर सुरी कोण उचलणार?

अखेर एक जुना विद्यार्थी मदतीला आला. त्याच्या शेतात प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे आहे, नदीनाल्याला न जोडलेले. त्यात तो पंगसच वाढवतो. "सर, आणा. हजारात एक." ऑगस्टात तळे भरल्यावर राम तिकडे गेला. पाण्यात सोडताच तो क्षणभर थांबला, कमान करून वळू लागला, आणि काच आली नाही म्हणून तसाच सरळ गेला.

धाकटीला मी सांगितले, "तो आता आपल्या भावंडांत आहे." तिने विचारले, "आणि मग?" मी म्हणालो, "मग दिवाळी."

त्या वर्षीच्या भाऊबीजेला आम्ही चौघे शेतावर गेलो. विद्यार्थ्याने खाद्याची मूठ टाकली आणि पाणी उकळल्यासारखे झाले. शेकडो तोंडे, सगळी सारखी. धाकटी बांधावर ओणवी होऊन पाहत होती. "तो बघा, नाकावर पांढरे!" मला काही दिसले नाही. दिसले, असे म्हणालो.

"सर, थंडी वाढायच्या आत तळं काढावं लागते," विद्यार्थी म्हणाला, "हा मासा गारठ्यात टिकत नाही. तुमचा वेगळा ठेवायचा का?" वेगळा ठेवून त्याला मी कुठे नेणार होतो? मी सौभाग्यवतींकडे पाहिले, तिने पोरीकडे. पोर म्हणाली, "नको. पुन्हा त्या पेटीत नको." थोरला पाठमोरा उभा होता.

परतताना ती स्कूटरवर माझ्यापुढे उभी होती.

"बाबा, दुकानवाल्या काकांना ठाऊक होतं का, तो एवढा मोठा होतो ते?"

"असावं."

"आणि तुम्हाला?"

"नाही."

"मग विचारलं का नाही?"

रस्ता मोकळा होता. तरी मी उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.