कुणालाच काही कमी नसलेल्या गावी

फ्रान्सला वर्षभर सेवेला चाललेय असं सांगितलं की ठाण्याच्या कोलशेतमध्ये जो तो एकच विचारायचा, "तिकडे कसली सेवा? तिकडे गरीब आहेत का?" मला उत्तर देता येत नसे. आफ्रिकेतल्या एखाद्या दवाखान्यात किंवा नेपाळातल्या शाळेत निघाले असते तर कुणी काही विचारलं नसतं. पण मी निघाले होते बर्गंडीतल्या टेकडीवरच्या तेझे नावाच्या खेड्यात. तिथं ख्रिस्ती बंधूंचा एक संघ राहतो. तिथं दर आठवड्याला युरोपभरातून तरुण पोरं येतात, दिवसातून तीनदा प्रार्थना करतात, साधं जेवतात, गप्पा मारतात आणि परत जातात. त्यांचं जेवणखाण, झोपायची सोय, साफसफाई सुरळीत चालावी म्हणून काही स्वयंसेवक महिनोन् महिने मुक्काम करतात. राहणं-जेवण तिथलंच, पगार नाही. व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंनी तर सरळच विचारलं, "मग यात तुमचा फायदा काय?"

आम्ही मूळचे नगरकडचे. अमेरिकन मराठी मिशननं 1831 साली नगरला ठाणं मांडलं, त्यानंतर पुढच्या काही पिढ्यांत कधीतरी आमचं घर ख्रिस्ती झालं. बाबा नोकरीसाठी ठाण्याला आले ते कोलशेत रोडच्या रसायन कारखान्यांच्या दिवसांत. आता त्यातल्या क्लॅरियंटच्या जागेवर लोढांचे टॉवर उभे आहेत. खाडी तेवढी जागेवर आहे. पण बाबा असोत की आजी, आमच्या घरात 'मिशन' हे नेहमी बाहेरून आपल्याकडे येत आलं. शाळा त्यांची, बोर्डिंग त्यांचं, मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं हॉस्पिटलही मिशनचंच. आजी बोर्डिंगात वाढली. तिच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकेतल्या कुणी बाई देत आणि दर नाताळला आजीनं त्यांना आभाराचं पत्र लिहायचं, असा नियम होता. मजकूर फळ्यावर लिहिलेला असे. त्या बाई आजीनं कधी पाहिल्या नाहीत. पत्र मात्र तिला अजून तोंडपाठ आहे.

तेव्हा आपल्यातलं कुणी उलट दिशेनं जातंय याचा आमच्या चर्चच्या मंडळीला फार आनंद झाला. पाळकसाहेबांनी उपासनेत पुढं बोलावून डोक्यावर हात ठेवला, तरुण संघानं सॅक दिली आणि महिन्याला अहवाल पाठवायला सांगितलं. आमच्या मजल्यावरचे वसईचे काका म्हणाले, "आमच्या गोन्सालोच्या वाटेनं चाललीस." गोन्सालो गार्सिया हा सोळाव्या शतकातला वसईचा मुलगा. जेझुइटांबरोबर कोवळ्या वयात जपानला गेला, तिथली भाषा शिकला आणि त्यांचा मदतनीस म्हणून राबला. त्यांनी त्याला आपल्या संघात काही घेतलं नाही. पुढं व्यापार करून तो मनिलाला गेला, तिथं फ्रान्सिस्कनांनी त्याला बंधू म्हणून स्वीकारलं आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला नेलं. 1597 साली नागासाकीला त्याला क्रुसावर मारण्यात आलं, 1862 मध्ये तो संत झाला. काकांना त्याचं हौतात्म्य सांगायचं होतं. मला लक्षात राहिला तो मधला मदतनीस: राबतो, पण हुद्दा नाही आणि आपण नेमके कोण हे कुणालाच सांगता येत नाही.

तेझेला माझं तसंच झालं. कुणी माझी साक्ष विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. कामाच्या यादीत माझ्या नावापुढं शौचालयांची सफाई होती. तीही मी एकटीनं करायची नव्हती. आठवडाभरासाठी आलेल्या पोरांचा गट हाताशी घेऊन त्यांच्याकडून करवून घ्यायची होती. तिथं पाहुणा असा कुणी नसतो. रविवारी आलेल्या प्रत्येकाला काही ना काही काम मिळतं. माझ्या पहिल्या गटात एक जर्मन विद्यार्थी, पोलंडचा एक इंजिनिअर आणि लिस्बनच्या दोन मैत्रिणी होत्या. घरी आमच्याकडे बाथरूम धुवायला बाई येते. इथं मी हातात ब्रश घेऊन या मंडळींना खुणांनी सांगत होते की कोपरे राहिलेत.

जेवणही चक्रावून टाकणारं. सकाळी पाव, लोणी, चॉकलेटच्या कांड्या आणि वाडग्यात चहा. दुपारी-रात्री ट्रेमध्ये जे येईल ते, आणि खायला फक्त एक चमचा. उन्हाळ्यात हजारो पोरं येतात तेव्हाही हीच पद्धत. हा डामडौल टाळण्यामागं हिशेब आहे. इथले बंधू स्वतःसाठी देणगी घेत नाहीत, वारसाहक्कानं आलेलं धनही ठेवून घेत नाहीत. मातीची भांडी बनवून आणि आपल्या इतर कामावर ते जगतात. कुणाला आभाराचं पत्र लिहायची वेळ त्यांनी स्वतःवर येऊ दिलेली नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

प्रार्थनेत मी आणखी गोंधळले. प्रवचनच नाही! पांढऱ्या झग्यातले बंधू मधोमध बसतात, भोवती जमिनीवर सगळे. एक-दोन ओळींचं गाणं, तेच परत परत, कधी लॅटिनमध्ये, कधी स्पॅनिशमध्ये. यातली पुष्कळ गाणी जाक बेर्तिए या संगीतकारानं बांधली. मग मध्येच दहाएक मिनिटं शांतता. आमच्या उपासनेत अशी शांतता पडली तर समजायचं, कुणीतरी आपली पाळी विसरलंय. गाण्यांचं कोडं मात्र मला इतरांच्या आधी सुटलं. गावाकडे ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणताना टाळावर एकच ओळ घोळत राहायची, अर्थ केव्हा आत उतरला ते कळायचं नाही. तसंच हे. मांडी घालून बसण्यातही मी युरोपियनांना भारी होते.

पण वसईच्या काकांना, पाळकसाहेबांना, तरुण संघाला लिहायचं काय? "या महिन्यात संडास धुवून घेतले" हा काय अहवाल झाला? आजीला फोनवर खरं सांगितलं. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, जे सुटावं म्हणून आम्ही मिशनच्या शाळेत गेलो, तेच करायला तू विमानानं गेलीस?"

यावर माझ्याकडे शब्द नव्हते. आम्ही कुठल्या वस्तीतून ख्रिस्ती झालो हे घरात सहसा बोललं जात नाही. आजी ते एका वाक्यात बोलली. मी उत्तर शोधू लागले तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती कामाच्या यादीत. या आठवड्यात ब्रश ज्याच्या हातात, तो पुढच्या आठवड्यात गाणी बसवतो किंवा चहा वाटतो. काम कुणाला चिकटत नाही. आजीला हे सांगितलं. "तिथं नसेल चिकटत," एवढंच ती म्हणाली.

दुसरी गोष्ट एका सिस्टरनं सांगितली. शेजारच्या गावात राहणाऱ्या सेंट अँड्र्यूच्या भगिनी तेझेच्या कामात मदत करतात, त्यांच्यातली एक दर आठवड्याला माझ्याशी बोलायची. आम्ही रोज ज्या चर्चमध्ये बसत होतो ते कुणी बांधलं, हे तिनं मला सांगितलं. या संघाचे संस्थापक बंधू रॉजे 1940 मध्ये या खेड्यात आले. युद्धात त्यांनी निर्वासितांना, त्यात ज्यूंनाही, आसरा दिला. युद्ध संपल्यावर जवळच्या छावणीतल्या जर्मन कैद्यांनाही घरी बोलावलं. पुढं 1958 मध्ये जर्मनीत लोथार क्रायसिग नावाच्या माजी न्यायाधीशानं एक संघटना काढली. जर्मनांनी ज्या देशांवर अत्याचार केले, तिथं जाऊन तरुणांनी बांधकाम करावं, अशी कल्पना होती. आवाहनात त्यांनी त्या देशांना मदत देऊ केली नव्हती. आम्हाला काही चांगलं करण्याची परवानगी द्या, अशी विनंती केली होती. तेझेचं चर्च त्यांच्याच तरुणांनी उभारलं. 1962 साली ते खुलं झालं आणि त्याला नाव मिळालं समेटाचं चर्च.

परवानगी! आजीच्या बोर्डिंगची, तिच्या पत्राची, तरुण संघाच्या अहवालाची सगळी गोची मला तिथं कळली. देणारा चांगलाच होता, पण त्यानं विचारलं नव्हतं. तेझेत कुणालाच काही कमी नव्हतं म्हणून कुणीच वरचढ होत नव्हतं. गरीब नसलेल्या ठिकाणी सेवा शिकायला जाण्याचा फायदा असेल तर हाच, असं व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंना आज सांगू शकेन.

परत आल्यावर तरुण संघाची नाताळची बैठक लागली. येऊरच्या पाड्यांवर ब्लँकेटं वाटायची, हे आमचं दरवर्षीचं ठरलेलं. मी म्हटलं, या वेळी आधी दोघांनी जाऊन विचारून येऊ, त्यांना काय हवंय, आपण यावं असं वाटतं का. आणि वाटतानाचे फोटो नकोत. सचिव म्हणाला, "फोटो नाही तर देणगीदारांना दाखवायचं काय?" कुणी म्हणालं, फ्रान्सला जाऊन फार शहाणी झाली. शेवटी फोटोंचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला, पण विचारायला जायचं ठरलं. पाड्यावरच्या बायकांनी सांगितलं की ब्लँकेटं घरात पडून आहेत, त्यापेक्षा कुणी रेशनकार्डाच्या कागदांसाठी सोबत येईल का. ते काम आता सुरू आहे. कार्यालयाच्या रांगेत आम्ही त्यांच्या मागं उभे असतो, फॉर्म भरतो, आणि अहवालात लिहायला फारसं काही मिळत नाही.