हाक आणि कळ

आज्ञा करणें सोपें. ती योग्य कानीं पोंचविणें कठीण. शाळेच्या वर्गांत हा अनुभव आम्हीं पुष्कळ घेतला. सेवानिवृत्तीनंतर संगणकाशीं सलगी जडली, तेव्हां कळफलकाच्या वरच्या ओळींतील एका लहानशा कळीनें तोच प्रश्न आमच्यापुढें पुन्हां मांडला.

ही कळ गाणें सुरू अथवा स्तब्ध करण्याची. आम्ही लेखन करीत असतां मागें एकादा राग मंद चालू असतो. अक्षराची कळ दाबली कीं अक्षर समोरच्या खिडकींत उमटतें, हें ठीकच. परंतु वाजविणारा प्रोग्राम (त्यास आपण वादक म्हणूं) समोर नसतो, मागें असतो. मग त्यास आज्ञा पोंचावी कशी?

व्यवस्था अशी आहे. यू. एस्. बी. कळफलकाच्या संकेतांत अक्षरांचें कोष्टक निराळें व या कळांचें निराळें. ह्या दुसऱ्या कोष्टकाचा क्रमांक १२. त्यांत 'चालू-बंद' याचा अंक २०५, पुढील गीताचा १८१ आणि मागील गीताचा १८२. लिनक्सवर ग्नोमसारखी व्यवस्था हा संकेत स्वतः झेलते व 'एम्प्रिस' नामक ठराविक पद्धतीनें वादकास कळविते. जेथें असा मध्यस्थ नाहीं, तेथें 'प्लेयरसीटीएल' हा छोटा प्रोग्राम घेऊन कळ त्याच्याशीं जोडावी लागते.

येथवर सारें यांत्रिक झालें. खरी अडचण पुढेंच आहे. ब्राउझरांत नातवाचें व्याख्यान, व्हीएलसींत आमचें गायन. मग आज्ञा ऐकावी कोणीं? प्लेयरसीटीएल एरवीं यादींतील पहिल्याच वादकास ती देतो. त्यामुळें भलताच गप्प बसतो. बरें, सर्वांस एकदम 'चालू-बंद' म्हणावें, तर वाजणारा थांबतो आणि थांबलेला वाजूं लागतो!

आमच्या घरीं ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. आमच्या मातोश्रींनीं नव्वदी ओलांडली आहे. त्या पलीकडच्या खोलींत निजून असतात. दूरून हाक मारतांना अंत्य स्वर प्लुत होतो, असें पाणिनि सांगतो. पण नव्वदीच्या कंठास तेवढा दम कोठून असणार? त्या एकदांच हाक मारतात, आणि तीहि अर्धीच ऐकूं येते. ती हाक होती कीं नुसता भास, हें कळण्यास घर तत्क्षणीं निःशब्द व्हावयास हवें. त्या क्षणीं दुसरेंच कांहीं वाजूं लागलें, तर हाक गेलीच.

म्हणून त्या कळीस आम्हीं 'चालू-बंद' हा अर्थच ठेविला नाहीं. सर्व वादकांस केवळ 'थांबा' म्हणण्याची सोय प्लेयरसीटीएलमध्यें आहे. तीच कळीस जोडली. आतां ती एकदां दाबा वा दहादां, उत्तर एकच : शांतता. गायन पुन्हां सुरू करण्यास दुसरी कळ नेमली आहे. तिला घाई नाहीं.

ज्यांच्या घरीं वृद्ध अथवा आजारी माणूस आहे, त्यांनीं ही तजवीज अवश्य करून पाहावी. कळीला अर्थ कारखान्यानें दिला असला, तरी आपल्या घराची गरज ओळखून तो बदलण्याचा अधिकार आपला आहे.