मित्राचे सुतक

आपल्या धर्मशास्त्रकारांनी सुतकाचा हिशेब फार बारकाईने मांडून ठेवला आहे. सपिंडाला दहा दिवस, समानोदकाला तीन, मामाला किंवा शिष्याला त्याहून कमी. नाते किती पिढ्यांनी लांबले की किती रात्री वजा करावयाच्या, याची कोष्टके पंचांगांतूनही छापलेली असतात. ज्या चुलतचुलत्याचे तोंड आपण जन्मात दोनदा पाहिले, तो गेल्याचे कळताच घरातली देवपूजा बंद होते. पण ज्याच्या संगतीने वीस वर्षे रोज पहाटे चाललो, ज्याच्यापाशी मुलांच्या लग्नापासून रक्तातील साखरेपर्यंत सर्व काही बोललो, तो गेला तर? स्मशानातून परत येऊन स्नान केले की आपण मोकळे. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन तास घ्यावयास शास्त्राची किंवा व्यवहाराची कसलीच आडकाठी नसते. महालयातील तर्पणात सारे गोत्रज आणि सोयरे तृप्त झाल्यावर गुरू, शिष्य व आप्त यांच्या रांगेत मित्रालाही ओंजळभर पाणी मिळते, एवढाच काय तो त्याचा हक्क.

यात शास्त्रकारांना दोष देण्याचे कारण नाही. सुतक हे दुःखाचे माप नव्हेच. कुळाची सीमा कोठपर्यंत जाते, हे दाखविणारे ते कुंपण आहे. परंतु ज्या वस्तीत कोणाचे कुळच जवळ नसते, तेथे माणसांनी काय करावे?

आमचे ओझर ही खरे म्हणजे दोन गावे आहेत. एक बाणगंगेच्या काठचे, खंडोबाचे, चंपाषष्ठीच्या यात्रेचे आणि द्राक्षबागांचे. दुसरे, १९६४ साली विमानांचा कारखाना येथे आला तेव्हापासूनचे. या दुसऱ्या गावामुळे एस. टी.च्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी 'ओझर मिग' असे जोडनाव रूढ झाले. ज्या मिग-२१ विमानाची ती आठवण, ते २०२५ च्या सप्टेंबरात हवाई दलातून निवृत्त झाले. गावाच्या नावातील मिग मात्र जागचे हललेले नाही. कारखान्याबरोबर केरळापासून पंजाबापर्यंतची माणसे येथे आली. त्यांचे भाऊबंद हजार-हजार कोसांवर. येथे त्यांना मिळाले ते शेजारी, पाळीतले सोबती आणि पहाटे फिरावयास जाणारे चार जण. अशा ठिकाणी नातेवाईक लग्नाला येतात. रात्री दोन वाजता रुग्णालयात मित्रच येतो.

आम्ही असेच चौघे होतो. एक कारखान्यातून निवृत्त झालेले मल्याळी गृहस्थ. त्यांनी मराठी वर्तमानपत्रावरून शिकलेले असल्यामुळे ते माझ्याहून शुद्ध बोलत. दुसरे जुन्या गावातले बागायतदार. तिसरे टपालखात्यातले. चौथा मी. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, पहिले दोघे आठ दिवसांच्या अंतराने गेले. त्या महिन्यात नाशिक जिल्ह्यात जे राहत होते, त्यांना त्याचे वर्णन ऐकण्याची गरज नाही. खांदा देणे नव्हते, मुखदर्शन नव्हते. भेटावयास जाणेही बंद होते. मित्रासाठी शास्त्राने जे एक स्नान ठेवले होते, तेही उरले नाही. कारण ज्या स्मशानात गेलोच नाही, तेथून परत येऊन स्नान कसले करावयाचे? शोक करण्याची जागाच कोणी उचलून नेल्यासारखे झाले होते.

वसाहतीतील धावणाऱ्या तरुण मंडळींनी २०२३ पासून पौषातल्या एका रविवारी दिवंगत मित्रांच्या स्मरणार्थ एक धाव सुरू केली. तिला नाव नाही, नोंदणी नाही. डांबरी रस्ता टाळून शिवाररस्त्याने आणि बांधाबांधाने नदीपर्यंत जावयाचे आणि परत यावयाचे. सारे मिळून आठ किलोमीटर. इंग्रजीत हिला ट्रेल रन म्हणतात आणि मुलेही तसेच म्हणतात. प्रत्येकाने पाठीवर एक पांढरी चिंधी लावावयाची आणि तिच्यावर ज्याच्यासाठी धावतो आहो, त्याचे नाव लिहावयाचे. नातेवाइकाचे नाव चालत नाही, मित्रच पाहिजे. हा नियम ज्याने केला, त्या मुलाने बहुधा धर्मशास्त्राचे एक पानही वाचलेले नसेल. परंतु शास्त्राने मोकळी ठेवलेली नेमकी जागा त्याला सापडली, याचे मला कौतुक वाटते.

मला बोलावणे आले तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया मात्र नाराजीची होती. दुःख ही पाठीवर लावून मिरविण्याची वस्तू आहे काय, असे माझ्या पिढीतल्या माणसाला वाटणारच. शिवाय हे सारे परदेशाचे अनुकरण, अशीही एक शंका होती. घरी येऊन विचार करू लागलो तेव्हा ही दुसरी शंका फार वेळ टिकली नाही. नवरात्रात सप्तशृंगीच्या गडावरून पेटती ज्योत घेऊन रात्रभर अनवाणी धावत आपापल्या गावी जाणारी पोरे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहो. शिवजयंतीला शिवनेरीवरून आणि इतर गडांवरून शिवज्योत अशीच धावत येते. आणि पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंतची वाट? १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज ज्या चिखलातून आणि पावसातून निसटले, त्याच वाटेने, त्याच महिन्यात, आजही दरवर्षी शेकडो माणसे चालत जातात; रात्री वाटेवरच्या वाडीत मुक्काम करतात, जळवा काढतात आणि दुसऱ्या दिवशी खिंडीत उतरतात. बाजीप्रभूचे आणि बांदल मावळ्यांचे स्मरण दिवाणखान्यात बसून होत नाही असे नाही. पण घोट्याएवढ्या चिखलात पाय रुतला म्हणजे त्या रात्रीविषयी जे कळते, ते बखरीतून कळत नाही. पालखीत बसून महाराजांचे सोंग घेणारा आणि त्यापायी प्राण देणारा शिवा काशीद हा त्या वाटेवरचा पहिला दिवंगत सोबती. स्मरणासाठी पाय वापरण्याची रीत आपल्याला कोणी परक्याने शिकविलेली नाही.

आणि परक्यांचे म्हणावे तर त्यांचीही रीत आजची नव्हे. मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक असल्यामुळे माझे मन अशा वेळी सवयीने होमरकडे जाते. इलियडच्या तेविसाव्या सर्गात अकिलीज आपला मित्र पॅट्रोक्लस याच्या चितेनंतर खेळांच्या शर्यती भरवितो. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की हे सारे बापासाठी नव्हे, भावासाठी नव्हे, मित्रासाठी चालले आहे. त्यात पायी धावण्याची शर्यत आहे. धाकटा एजॅक्स पुढे आहे, ओडिसियस त्याच्या पाठोपाठ आहे, तरुण अँटिलोकस तिसरा. शेवटच्या टप्प्यात ओडिसियस मनातल्या मनात अथीनीचा धावा करतो, आणि एजॅक्सचा पाय घसरतो तो कशावर? पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीसाठी मारलेल्या बैलांच्या शेणावर! नाकातोंडात शेण गेलेला तो वीर, बक्षिसाच्या बैलाचे शिंग धरून, थुंकत थुंकत देवीच्या नावाने कुरकुरतो आणि सारे सैन्य खदखदून हसते. चिता विझून एक दिवसही झालेला नाही. आणि तिच्या राखेशेजारी हसू फुटते. वर्गात हा भाग शिकविताना मी त्याला विनोदाचा विसावा म्हणत असे. माझे मित्र गेल्यावर तो पुन्हा वाचला तेव्हा तो मला विसावा वाटला नाही. हसणारे तेच आहेत, ज्यांनी काल रात्री अश्रू गाळले; आणि ते हसतात म्हणून अकिलीज रागावत नाही. उलट तिसऱ्या आलेल्या अँटिलोकसने, देव अजूनही वडीलधाऱ्यांचाच मान राखतात, असा हसत हसत शेरा मारला तेव्हा तो खूश होऊन त्याचे सोने दुप्पट करतो. पंचावन्नी ओलांडलेल्या वाचकाला ही ओळ किती गोड वाटते, हे सांगावयास नको.

आपल्या काळातले उदाहरण हवे असेल तर ते दक्षिण आफ्रिकेत आहे. व्हिक क्लॅपहॅम नावाचा एक एंजिनचालक पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या रानातून शेकडो कोस पायी फिरला होता. परत आल्यावर मेलेल्या सोबत्यांसाठी पुतळा नको, त्यांनी भोगलेल्या श्रमाची आठवण देहाला होईल असे काही हवे, असे त्याने धरून बसले. निवृत्त सैनिकांच्या संघाने त्याला वारंवार नकार दिला. अखेर २४ मे १९२१ रोजी पीटरमॅरित्झबर्गहून डर्बनपर्यंत, जवळजवळ नव्वद किलोमीटरची पहिली 'कॉम्रेड्स' धाव झाली. चौतीस निघाले, सोळा पोचले. आज तीत हजारो धावतात. आपल्याकडचेही अनेक जण जातात. वाटेत कड्यात कोरलेले आसनासारखे एक कोनाडे आहे. पाच वेळा ही धाव जिंकलेला आर्थर न्यूटन तेथे विसावा घेत असे, अशी समजूत आहे. धावणारे तेथे क्षणभर थांबतात, एखादे फूल ठेवतात आणि मेलेल्या आर्थरला सुप्रभात म्हणून पुढे निघतात. बारा तास पूर्ण झाले की बंदुकीचा बार होतो; त्यानंतर येणाऱ्याचे नाव यादीत लागत नाही. बार काढणारा मनुष्य त्या वेळी धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो. कोणाची धाव एका पावलावर हुकली, हे त्याने पाहू नये म्हणून ही योजना असावी, असे मला वाटते.

पण या धावेची दुसरीही एक बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. पीटरमॅरित्झबर्ग हे तेच स्टेशन, जेथे १८९३ मध्ये गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरविले गेले. पूर्व आफ्रिकेच्या त्या मोहिमेत गोऱ्या सैनिकांचे सामान डोक्यावरून वाहणारे काळे हमाल हजारोंनी मेले. आणि सोबत्यांच्या स्मरणार्थ म्हणून भरणाऱ्या या धावेत काळ्या माणसाला आणि स्त्रीला अधिकृतपणे पाऊल टाकता आले ते १९७५ साली. म्हणजे चोपन्न वर्षे सोबती या शब्दालाही एक कुंपण होतेच. आपल्याकडे सपिंडांचे, त्यांच्याकडे वर्णाचे.

या धाग्यावर मी आमच्या ओझरच्या धावेकडे पाहतो तेव्हा तिच्यातल्या पुष्कळ उणिवा मला क्षम्य वाटू लागतात. उणिवा आहेत. पोरे आरंभी आणि शेवटी आपली छायाचित्रे काढण्यात जितका वेळ घालवितात, तितक्यात आणखी एक किलोमीटर होईल. दुसऱ्या वर्षी एका शिकवणीवर्गाने सर्वांना फुकट सदरे देऊ केले. छातीवर वर्गाचे नाव, पाठीवर मृताचे. मंडळींनी ते नाकारले, हे उत्तम झाले. पण त्यावर तासभर वाद झाला, हे काही उत्तम झाले नाही.

निफाड तालुक्याची पौषातली थंडी साऱ्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रातून माहीत असते. त्या पहाटे द्राक्षबागांतून जागोजागी शेकोट्या पेटलेल्या असतात. मण्यांना थंडी बाधू नये म्हणून शेतकरी रात्रभर धूर करून ठेवतात. त्या धुरातून आणि धुक्यातून पाठीवरची पांढरी चिंधी तेवढी दिसते, माणूस दिसत नाही. कोणाच्या पाठीवर मल्याळी नाव, कोणाच्या पाठीवर शीख, कोणाच्या पाठीवर ओडिया. एका हिंदूच्या पाठीवर मुसलमान मित्राचे आणि एका ख्रिस्ती बाईच्या पाठीवर तिच्या जैन शेजारणीचे. नदीच्या वळणावर एक बाभूळ आहे. तेथे पोचले की प्रत्येकाने आपल्या मित्राचे नाव मोठ्याने घ्यावयाचे आणि परत फिरावयाचे, असा प्रघात पडला आहे. तो कोणी पाडला, हे आता कोणाला सांगता येत नाही. घड्याळ कोणी लावीत नाही. शेवटचा माणूस येईपर्यंत चहाची किटली उघडत नाहीत, एवढीच काय ती शिस्त.

पहिल्या वर्षी जाण्यापूर्वी मी बागायतदार मित्राच्या घरी गेलो होतो. त्यांचे नाव लिहू का, असे विचारणे मला आवश्यक वाटले. वहिनी अंगणात बेदाणे निवडीत बसल्या होत्या.

"भाऊजी, तुम्ही धावणार?" त्यांनी मान वर करून विचारले.

"धावणार कसला, वहिनी! चालेन."

"मग ठीक. त्यांना घाई खपत नसे. आणि बाभळीपाशी नाव घ्याल ते सबंध घ्या. गावात सगळे त्यांना अर्ध्याच नावाने हाक मारीत, त्याचा त्यांना राग यायचा."

वीस वर्षे मीही त्यांना त्या अर्ध्याच नावाने हाक मारीत आलो होतो आणि त्यांनी एकदाही ते माझ्यापाशी बोलून दाखविले नव्हते. त्या रविवारी मी सबंध नाव घेतले, वडिलांचे, आडनावासह. माझ्या पाठीमागून आमचे टपालवाले मल्याळी मित्राचे नाव घेत होते. ते घेताना त्यांची जीभ दोनदा अडखळली आणि आम्ही दोघेही हसलो. त्या शुद्ध बोलणाऱ्या गृहस्थांनी ही चूक कधी सोडली नसती.

परतीच्या वाटेवर तरुण मंडळी केव्हाच पुढे निघून गेली होती. आम्ही दोघेच मागे, पाटाच्या कडेकडेने. ऊन वर आले होते. शेकोट्या विझत आल्या होत्या. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग टपालवाले म्हणाले, "प्रोफेसर, तुमचे नाव फार लांब आहे हो. उद्या माझ्यावर पाळी आली तर या चिंधीवर मावायचे नाही."

"आडनाव गाळा," मी म्हणालो.

"आणि तुमच्यावर आली तर?"

"तुमचे मी सबंध लिहीन. पिनकोडासह."

ते मोठ्याने हसले. किटल्या अजून उघडल्या नव्हत्या. सारी मंडळी आमच्यासाठी खोळंबून उभी होती.