राजगृहाची गल्ली

सहा डिसेंबरला अकोट तालुक्यातून आपली कितीतरी माणसे अकोल्याला गाडी धरतात, दादरला उतरून चैत्यभूमीवर अभिवादन करतात आणि तशीच माघारी येतात. स्टेशनच्या पूर्वेला हिंदू कॉलनी आहे, तिकडे पुष्कळांचे जाणे होत नाही. आम्ही उभयता मुद्दाम गर्दी नसलेल्या दिवशी गेलो.

खोदादाद सर्कल ओलांडून गल्लीत शिरलो की हमरस्त्याचा गोंगाट मागे पडतो. झाडांची सावली, मोजक्या मजल्यांची जुनी घरे, मध्येच एखादा नवा टॉवर. ही शांतता आपोआप आलेली नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याकडे मध्यमवर्गासाठी रुंद रस्ते व प्लॉट आखले. त्याच ट्रस्टने परळला कामगारांसाठी चाळी बांधल्या. बी.आय.टी. म्हणतात त्या ह्याच! प्लेग दोघांनाही होता, हवा-उजेड मात्र वेगवेगळ्या मापाने वाटला गेला.

परळच्या त्या चाळीत बाबासाहेब वीसहून अधिक वर्षे राहिले. पुस्तके वाढली, जागा पुरेना. म्हणून हिंदू कॉलनीत घर बांधले आणि १९३४ च्या सुमारास तिथे राहायला आले. जवळच 'चार मिनार' ही दुसरी इमारतही बांधली होती, ती पुढे विकावी लागली. राजगृह हे बिंबिसाराच्या मगधाच्या राजधानीचे नाव. दीक्षा १९५६ ची, नाव मात्र त्याच्या वीस वर्षे आधीचे, हे ध्यानात घ्यावे.

माता रमाईंना ह्या घराचे सुख फार लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या इथेच गेल्या. आमच्या सौ. तिथे बराच वेळ उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू व फोटो पाहता येतात. वर कुटुंबीयांचे राहते घर आहे, तेव्हा आवाज बेताने करावा. जुलै २०२० मध्ये इथे कुंड्या-काचांची नासधूस झाली, तेव्हा आपण सर्वच हळहळलो होतो.

आम्हाला मात्र घरची खोली आठवत राहिली. एकाच खोलीत टी.व्ही., शिलाई मशीन आणि दहावीचा मुलगा. आपल्या विहाराची मागची खोली परीक्षेपुरती मुलांना द्यावी, असे आम्ही येताच मंडळात मांडले. सर्वांनी माना डोलावल्या. तिथली लग्नाची भांडी कोणाच्या घरी ठेवायची, एवढेच अजून ठरायचे आहे.